उसना दिलेला जैतू

दिनांक ५ डिसेंबर १९९३. रुपये एकशे एक्कावन्न आणि एक नारळ. करंजपाड्याच्या मंडळाने आमच्या उंबरशेतच्या हनुमान क्रीडा मंडळाला एवढे दिले आणि त्या बदल्यात आमचा डावा कोपरा एका हंगामापुरता उसना नेला. मी मंडळाचा खजिनदार असल्याने पावती मीच फाडली. 'कशाबद्दल' या ओळीवर काय लिहावे ते मला कळेना. बैल दिला असता तर बैलभाडे लिहिले असते. शेवटी 'खेळाडू जैतू, कबड्डी, उन्हाळ्यापर्यंत' असे लिहिले आणि सही केली.

कबड्डीत सात जण हातात हात घालून उभे राहतात. त्या साखळीच्या दोन टोकांना जे असतात ते कोपरे. चढाईला आलेला गडी आत शिरला की मागून त्याचा पाय धरायचा, हे कोपऱ्याचे काम. जैतू त्या वेळी अठरा वर्षांचा होता. अंगाने काटकुळा, हात मात्र गुडघ्याला लागतील असे. आमचे गाव शहापूर तालुक्यात, सापगावच्या पलीकडे, आणि जैतूची वाडी आमच्या गावाच्याही वर, डोंगराला टेकलेली, ठाकर आदिवासींची. बाप तो लहान असतानाच गेला होता. आई रखमी पावसाळ्यात शेवळं, कंटोळी अशा रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं घेऊन शहापूरच्या बाजारात बसायची, आणि भात कापून झाले की मायलेकरे वीटभट्टीवर जायची. मध्ये वेळ मिळाला की जैतू ओढ्यात खेकडे, म्हणजे आमच्याकडच्या चिंबोऱ्या, धरायचा. पायाची पकड त्याला कोणी शिकवली नव्हती. मी एकदा विचारले तर म्हणाला, "चिंबोरी समोरून धरली का आकडा मारते, भाऊ. ती वळली का मंग धरायची. गड्याचा पाय तसाच."

असा मुलगा उसना देण्याचे कारण साधे होते. आमचे अध्यक्ष दामूदादा, आणि त्यांचा धाकटा भाऊ हनुमान. हनुमानही डावा कोपराच होता, आणि वाईट खेळत नव्हता. एका संघात डावे कोपरे दोन उभे राहत नाहीत. जैतूला उजवीकडे उभा करून पाहिला, पण तिथे तो बाजारात चुकलेल्या वासरासारखा इकडेतिकडे बघायचा. म्हणून तो कपडे सांभाळत बाहेर बसे. करंजपाड्याचा कप्तान भगीरथ दुधाच्या कामाने आमच्याकडे येत असे. त्याने एका संध्याकाळी सरावात हनुमान नसताना जैतूच्या दोन पकडी पाहिल्या आणि सरळ दामूदादांच्या ओटीवर जाऊन बसला.

सौदा मारुतीच्या देवळात झाला. दामूदादांनी एक अट घातली: उसना गडी उंबरशेतच्या विरुद्ध उतरणार नाही. भगीरथने मान्य केले आणि आपलीही एक अट पुढे केली. "दोन महिने आमच्या घरी जेवणार, आमच्या चुली बघणार, आमचे डाव शिकणार. आन् पुढच्या साली आमच्याच अंगावर? तसा नको. ज्या गावचा मीठ खाल्ला, त्या गावाविरुद्ध नाय खेळायचा. कधीच."

सगळ्यांना ते रास्त वाटले. आमच्याकडे शब्द देताना तळहातावर मीठ घेतात आणि नारळ फोडतात. जैतूच्या हातावर मीठ ठेवले, त्याने ते जिभेला लावले, नारळ फुटला. पुढे ज्या ज्या गावाने त्याला नेला, त्या त्या गावाने हेच केले.

माझा मुलगा अक्षय याला फुटबॉलचे वेड आहे. दोन वर्षांपूर्वी तो टीव्हीवर एका ब्राझीलच्या खेळाडूकडे बोट दाखवून मला सांगत होता, की याचा मूळ क्लब वेगळाच आहे, तिथे त्याला जागा नाही म्हणून दरवर्षी त्याला दुसरीकडे उसना देतात, पाच वर्षांत चार क्लब झाले, आणि मूळ क्लबविरुद्ध त्याला खेळवत नाहीत. मला ते समजावून देण्यासाठी त्याने बरीच तयारी केली होती. मी म्हटले, हे तर आमच्या दामूदादांनी देवळात बसून ठरवले होते. त्याचा विश्वास बसला नाही. मग मी त्याला जैतूची सगळी हकिकत सांगितली, आणि तो म्हणाला की बाबा, हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मी पतपेढीतून निवृत्त होत आहे. तेव्हा सवड मिळेल म्हणून थांबलो असतो, पण सवड मिळाल्यावर माणसे काही करत नाहीत, हे मी इतरांचे पाहिले आहे.

तर जैतू करंजपाड्याला जाण्याच्या आदल्या दिवशी रखमी वाडीवरून खाली आली. डोक्यावरची मोळी दामूदादांच्या अंगणात टाकली आणि उभी राहिली.

"माझा पोर तुमी उसना देला म्हनं."

दामूदादा म्हणाले, "अगो, मंडळाचा गडी आहे तो. चांगला खाईल-पिईल, नाव होईल."

"मंडळाला कंदी पोर झाला?" रखमी म्हणाली. "बैल द्यायचा तरी धन्याला इचारतात. आन् पैका कोनी घेतला?"

ओटीवरची माणसे हसली. दामूदादाही हसले, पण त्यांनी मला हाक मारून पंचाहत्तर रुपये तिला द्यायला लावले. तेव्हापासून अर्धी रक्कम रखमीकडे जाऊ लागली. दामूदादा हट्टी होते, पण दिलेला शब्द आणि केलेली वाटणी त्यांनी कधी मोडली नाही. पुढे सगळा घोटाळा झाला तो त्यांच्या याच गुणामुळे.

करंजपाडा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या बाजूला. जैतू भगीरथच्या घरी राहिला. भगीरथची आई कमळाबाई सगळ्यांना जेवू घालणारी बाई, पण पहिले काही दिवस जैतूचे ताट ओटीवर येई आणि तो ते स्वतः घासून पालथे घाली. त्याचे त्याला काही वाटले नाही; आमच्या गावातही तसेच होते, तेही लिहायला हवे. एक दिवस तो नदीवरून चिंबोऱ्या घेऊन आला. कमळाबाईने त्यांचे कालवण केले आणि वाढताना म्हणाली, चिंबोऱ्या ओटीवर बसून खायच्या नसतात, हात बरबटतात, सारखे पाणी लागते, तू आत ये. तो आत चुलीजवळ जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्या नव्हत्या, साधा भात नि वालाची आमटी होती, तरी ताट आतच वाढलेले होते. जैतूने हे मला फार वर्षांनी सांगितले, तेही मी खोदून विचारले म्हणून.

त्या साली करंजपाड्याने दोन चषक जिंकले. पुढच्या साली हनुमान आमच्या कोपऱ्यात होताच, म्हणून जैतू दुसऱ्या गावाला गेला. त्याच्या पुढच्या साली तिसऱ्या. दर वाढत गेला. दोनशे एक्कावन्न, मग पाचशे एक. काही गावे त्याला जपत, काही गोठ्यात झोपवत. एका गावाने त्याचा अंगठा मोडला असताना परतीच्या एस.टी.चेही पैसे दिले नव्हते. तो मुरबाडपर्यंत चालत आला आणि तिथून एका ओळखीच्या टेम्पोत बसला. पण तक्रार म्हणून कधी नाही. दोन महिन्यांचा हंगाम संपला की आईकडे भट्टीवर जाई, मे महिन्यात परत येई, वर वाडीत जाण्याआधी मंडळात डोकावे आणि विचारी, "या साली कोपरा मोकळा हाय का, भाऊ?" मी नाही म्हणे. तो बरं म्हणे आणि डोंगर चढू लागे.

सिद्धगडच्या पायथ्याच्या एका वाडीत तो सत्त्याण्णव साली उसना होता. तिथल्या राहीशी त्याचे लग्न ठरले. लग्नात तिचा चुलता सगळ्यांना सांगत होता, की आमी गडी हंगामापुरता आणला होता, पोरगी मात्र कायमची देऊन बसलो, हा कुठला व्यवहार. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, रंजिता. त्यानंतर जैतू भट्टीवर जाताना कुरकुरू लागला. भट्टीवर पोरे धुरळ्यात वाढतात, शाळा नाही, खोकला कायमचा. त्याला मुलीला तिकडे न्यायचे नव्हते, आणि मागे ठेवायलाही कोणी नव्हते.

सन २००२ च्या पावसाळ्यात हनुमानला कल्याणला नोकरी लागली आणि आमचा कोपरा मोकळा झाला. नऊ वर्षांनी जैतू उंबरशेतचा म्हणून उभा राहणार होता. त्याच सुमारास दुसरी एक बातमी आली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना आपला कबड्डीचा संघ बांधणार होता. तीन गडी घ्यायचे होते, तेही कायम कामगार म्हणून. वयाची अट अठ्ठावीसच्या आत. कारखान्याचे क्रीडा अधिकारी मुरबाडजवळच्या म्हसा गावची, म्हशाची, पौषातली जत्रा उरकली की तिथे जी स्पर्धा होते तिला येणार, पहिल्या दिवशीचे सामने बघणार आणि त्यातून निवडणार. जैतूला जूनमध्ये अठ्ठावीस वर्षे पूर्ण होत होती. म्हणजे त्याच्यासाठी ही एकच संधी होती, पुढच्या वर्षी नव्हती.

त्याने ती इतकी खरी धरली की त्या साली घरच्यांनी भट्टीची उचल घेतली नाही. दिवाळीनंतर मुकादम वाडीत आला, पैसे मोजून दाखवले, आणि रखमीने त्याला पाणी देऊन परत पाठवले. घरात होते ते स्वतःच्या तुकड्याचे भात. त्यावर पावसाळ्यापर्यंत काढायचे होते.

जत्रा झाल्यावर स्पर्धेच्या जोड्या आल्या. मंडळाच्या बैठकीत कागद मी वाचला. आठ संघ होते. आमची पहिली गाठ करंजपाड्याशी. मी पुढची नावे वाचत गेलो. जैतू दाराशी सात बोटे उघडी धरून बसला होता आणि मीठ खाल्लेल्या एकेका नावाला एकेक बोट मिटत होता. सात नावे संपली तेव्हा त्याचे एकच बोट उघडे राहिले होते, तेही शहाडकडच्या एका नव्या संघाचे. बाकी सहाही गावांचे मीठ त्याने खाल्ले होते.

आधी सगळे हसले. दामूदादा म्हणाले, तालुक्यातला सगळ्यात चांगला कोपरा आपण इतका वाटला, की त्याला धरायला पाय उरला नाही. मग त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. दरवर्षी एक अट मान्य करताना कोणीच मागच्या अटींची बेरीज केली नव्हती.

कोणी म्हणाले, जुनी गोष्ट आहे, उतरव त्याला, कोण विचारतो. दामूदादा म्हणाले, "मी विचारतो. देवळात शब्द दिलाय. आज मी मोडला तर उद्या माझ्या शब्दावर कोण बसेल?" मी सुचवले की त्या शहाडच्या संघालाच जैतू एका दिवसापुरता उसना द्यावा. पण त्यांची पहिली गाठ ज्या गावाशी होती त्यांनी जैतूला अठ्ठ्याण्णव साली नेला होता. कुठूनही फिरवले तरी समोर मिठाचेच गाव येत होते.

शेवटी सगळ्यांनी जैतूकडे पाहिले. तो म्हणाला, "मीठ खाल्लाय त्यांचा. मी नाय उतरनार." आणि उठून गेला. त्याच्यावर कोणी सक्ती करू शकले असते असे मला वाटत नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी पतपेढीत निघण्याच्या तयारीत असताना रखमी आणि राही दाराशी उभ्या. रखमीने नवे लुगडे नेसले होते. म्हणाली, करंजपाड्याला जायचे आहे, भगीरथचे घर तुम्हाला माहीत आहे, चला. मी म्हटले, दामूदादांना विचारू. "त्यांनी मला इचारला होता काय?" एवढेच ती म्हणाली. मी रजेचा निरोप पाठवला. मुरबाडपर्यंत एस.टी., पुढे जीप. वाटेत तिने मला काहीच सांगितले नाही. राही फक्त एकदा म्हणाली, की तो दोन दिवस जेवला नाही, ओढ्यावर जाऊन बसतो आणि रिकाम्या हाताने परत येतो.

भगीरथ ओटीवर दुधाच्या बरण्या मोजत होता. त्याने आम्हाला बसायला घातले. चहा झाला. रखमीने सरळ विषय काढला. म्हणाली, माझ्या पोराने तुमचे मीठ खाल्ले आहे, ते कसे फिटेल ते सांगा. फेडायचे म्हणजे फेडायचे, मग तुम्ही त्याला मोकळा करा.

भगीरथ अडचणीत आला. तो वाईट माणूस नव्हता, पण जैतू समोर उभा राहिला तर सामना कठीण जाणार हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते. तो म्हणाला, माझ्या एकट्याचे काम नाही, गावाचे मीठ आहे. रखमी म्हणाली, लावणीला सावड करतो तेव्हा तुम्ही आमच्याकडे एक दिवस आलात तर आम्ही तुमच्याकडे एक दिवस येतो आणि फिटते. जेवण जेवणाने का फिटू नये? भगीरथने सुटायला वाट शोधली.

"अगो, दोन महिने जेवला तो. दोन टाइम. शंभराच्या वर ताटा झाली. तेवढी वाढशील?"

"वाढीन."

"अख्खा गाव येईल."

"येऊं दे. अंगण मोठा हाय."

मी मनात रखमीच्या कणगीतल्या भाताचा हिशेब करत होतो आणि तो जुळत नव्हता. भगीरथ आवाज खाली आणून म्हणाला, "तसा कशाला त्रास? शिधा दे. तांदूळ, कोंबड्या काय त्या दे, आमचे लोक इकडेच शिजवून घेतील. तुमच्या वाडीत एवढी माणसा... तुला पण अवघड."

राहीने मान खाली घातली. या बोलण्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता. ठाकरवाडीत बसून, रखमीच्या हातचे शिजवलेले, करंजपाड्याने कधी खाल्ले नव्हते.

आतून कमळाबाई बाहेर आली. ती आता खूप थकली होती, दाराची चौकट धरून उभी राहिली.

"भगीरथा, तो पोर आपल्याकडं शिधा जेवला का शिजवलेला जेवला?"

भगीरथ बरण्यांची झाकणे लावू लागला.

"माझ्या चुलीपाशी बसून जेवला तो. मंग आपन त्याच्या आयशीच्या चुलीपाशी जेवायचा. नायतर मीठ फिटला नाय, आन् तुजा शब्दही खरा नाय. कोन येवो नाय येवो, मी येते. रखमे, कदी यायचा ते सांग."

रखमी म्हणाली, सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.

परत येताना जीपमध्ये मी तिला विचारले, भात पुरेल का. ती म्हणाली, नाही पुरणार. वाडीत गेल्यावर तिने घरोघर सांगितले, आणि घरोघरून पायली-दोन पायली तांदूळ निघाला. जैतू नऊ वर्षे ज्यांच्यासाठी खेळला नव्हता त्या आमच्या गावानेही दिला. कोंबड्या आल्या, सुकट आली, मिरच्या आल्या. दामूदादांनी अर्धा दिवस रुसून काढला आणि मग लाकडे पाठवली, दोन गाड्या. रखमीच्या कणगीतले भात मात्र तळाला गेले. नोकरी झाली नाही तर पुढे काय, हे तिला कोणी विचारले नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होते: मुकादमाकडे जायचे, आणि तो आता देईल त्या दराने काम करायचे.

ठरल्या दिवशी दुपारी दोन टेम्पो वाडीच्या खाली थांबले. साठ-सत्तर माणसे होती. वर चढून आली, मोहाच्या झाडाखाली उभी राहिली आणि उभीच राहिली. पत्रावळी मांडलेल्या होत्या. पाणी भरलेले होते. कोणी म्हणत होते ऊन फार आहे, कोणी म्हणत होते जरा टेकू दे, कोणी पायातल्या चपलेकडे बघत होते. जैतू पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि त्याला तो खाली ठेवावा की पुढे करावा हे कळत नव्हते. अशा वेळी माणसे वाईट नसतात, फक्त दुसरा आधी बसावा असे प्रत्येकाला वाटते.

कमळाबाईला दोघांनी धरून वर आणले होते. ती आली, पंगतीच्या टोकाला नाही तर बरोबर मध्ये जाऊन बसली, आणि म्हणाली, "वाढ गो." तिच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू माणसे बसत गेली. भगीरथ सगळ्यांत शेवटी बसला, पण बसला. रखमीने भात वाढला, राहीने रस्सा. कमळाबाईने पहिला घास घेतला. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

रखमीने मिठाचा वाडगा आणला आणि तिच्या पानात चिमूटभर वाढले. कमळाबाईने ते भातात कालवले, खाल्ले, आणि म्हणाली, "आता फिटला."

पंगत हसली आणि जेवू लागली. मागून आलेल्या पोरांनी दुसऱ्या पंगतीत दोन-दोनदा भात मागितला, त्यामुळे ताटांचा भगीरथचा आकडा पुरा झाला की नाही यावर वाद घालायला कोणाला जागा राहिली नाही. जाताना भगीरथने जैतूच्या हातावरचे मीठ फिटले म्हणून आमच्या देवळात नवा नारळ फोडला, दामूदादांच्या समोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना झाला. म्हशाच्या शेतात मातीवर पाणी मारून, शेणाने सारवून मैदान केले होते. क्रीडा अधिकारी खुर्चीवर बसले होते, डोक्याला रुमाल बांधून. पहिल्या डावात जैतूने काही केले नाही. भगीरथ पस्तिशीच्या पुढे गेला होता, तरी चढाईला तोच येत होता. तीन वेळा त्याचा पाय जैतूच्या हाताजवळून गेला आणि हात हलला नाही. दामूदादा कपाळाला हात लावून बसले. मला वाटले, नारळ फुटला पण याच्या मनातले मीठ काही सुटले नाही. रखमी बायकांत बसली होती. तिच्याकडे बघायचे मी टाळले.

मध्यंतराला पाणी प्यायला दोन्ही संघ एकाच माठाशी आले. भगीरथ जैतूला म्हणाला, आणि आवाज मुद्दाम चढवून म्हणाला, "काय रे, आमी काल उन्हात डोंगर चढून जेवायला आलो ते फुकटच काय? आमचा जेवण वसूल कर ना. का आई वाढते आन् पोर उपाशी ठेवतो?"

लोक हसले. जैतूही हसला. त्या दोन दिवसांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिले.

दुसऱ्या डावात भगीरथ आला, उजवीकडे हूल देऊन आत शिरला, बोनस रेषा ओलांडली, आणि परत वळला. तो वळला तेव्हा जैतू खाली गेला. दोन्ही हात घोट्यावर. मग बाकीचे सहा जण वर पडले. त्यानंतर त्याने अशा आणखी चार पकडी केल्या, त्यांतल्या दोन एकट्याने. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. पहिल्या डावातली पिछाडी भरून निघाली नाही. पण सामना संपल्यावर क्रीडा अधिकारी खुर्चीवरून उठले आणि डावा कोपरा कोण म्हणून विचारत आमच्याकडे आले. त्यांनी जैतूचे हात उलटसुलट करून पाहिले, मोडलेला अंगठा पाहिला, वय विचारले. जैतूने माझ्याकडे बघितले, मी शाळेच्या दाखल्याची प्रत खिशातून काढली. त्यांनी एवढेच विचारले, की इतकी वर्षे कुठे होतास, तुला आम्ही कधी उंबरशेतकडून पाहिला नाही. भगीरथ मागे उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्यातच होता. सगळ्यांच्यात होता."

नंतरचा एक महिना जड गेला. कागद येईना. वाडीत मुकादम परत एकदा येऊन गेला, आणि या वेळी रखमीने त्याला लगेच नाही म्हटले नाही, बस म्हणाली. मी रोज पतपेढीतून येताना पोस्टात डोकावत असे. सतरा मार्चला पाकीट आले. मी ते वाचायला वाडीवर गेलो. जैतू ओढ्यावर होता, राहीने हाक मारून आणला. मी वाचून दाखवले: कायम कामगार, पॅकिंग विभाग, एक एप्रिलपासून. रखमीने विचारले, "उसना का कायमचा?" मी म्हटले, कायमचा. ती खाली बसली, तांदूळ निवडत होती तो पुन्हा निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मुकादमाला सांगा, येऊ नको म्हनावा."

जैतू कारखान्याच्या संघातून चार वर्षे खेळला. मागच्या वर्षी कारखान्याने संघ बंद केला. पण नोकरी खेळावर नव्हती, ती राहिली. आता त्याचा गुडघा कुरकुरतो. मुरबाडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत, रंजिता तिसरीत आहे. रखमी तिथे चार दिवसांच्या वर राहत नाही, म्हणते तिकडे ओढा नाही. कमळाबाई दोन हजार चार साली गेली. जैतू अंगावर कारखान्याचा गणवेश होता तसाच, पाळी सोडून तिच्या दहनाला गेला होता.

आमच्या मंडळाने मिठाची अट काढून टाकली. आता गडी उसना देतो तो नारळ आणि रक्कम घेऊन, आणि आधी त्याच्या घरी जाऊन विचारतो. दामूदादा म्हणतात, ही त्यांचीच कल्पना होती. आम्ही कोणी वाद घालत नाही.

त्या जेवणाला लागलेले दोन मोठे टोप आणि तीन पराती गोजर मंडपवाल्यांकडून एकशे पाच रुपये भाड्याने आणल्या होत्या. त्यातले साठ रुपये मंडळाने दिले. पंचेचाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.